डग्गा, तंबोरा आणि दोन खोकी

प्रिय बंड्या,

'लीड्सच्या नव्या घरासाठी स्पीकर कुठले घेऊ?' हे तू एका ओळीत विचारलंस. मला ओळ पुरणार नाही.

आधी माझी फजिती ऐक. दुकानात छातीएवढे उंच स्पीकर ऐकले, भुललो आणि घेऊन आलो. तिथे गालिचा होता, जाड पडदे होते. आमचा हॉल दहा बाय बारा, खाली फरशी, एका बाजूला काचा. स्पीकर कोपऱ्यात ठेवून तबला लावला, तर डग्ग्याचा घुमारा संपेचना. एक ठोका विरायच्या आत दुसरा त्यावर चढायचा. 'शेजारी बोअर मारतायत का?' असं बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं! बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत 47 हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून फुगतो, हे नंतर कळलं. शेवटी तोटा सोसून ते धूड विकलं.

आता ऐकतोय तो एलएस थ्री-फाइव्ह-ए. तुमच्याच बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला, फूटभर उंचीचा. चिंचोळ्या जागेत निवेदकाचा आवाज खरा ऐकू यावा म्हणून. 80 हर्ट्झच्या खाली तो लवकर ढेपाळतो. पुरुषांच्या तंबोऱ्याचा खर्ज 70 च्या आसपास, म्हणजे हातचा जायला हवा ना? पण कान वरच्या स्वरांवरून खालचा जुळवून घेतो, आणि खर्ज ऐकू येतो. एक खोट मात्र आहे: हा स्पीकर पॉवर खातो. तीन डेसिबलने जास्त दम असलेल्या स्पीकरला त्याच आवाजासाठी निम्मी पॉवर पुरते, तेव्हा अॅम्प्लिफायर किडमिडीत घेऊ नकोस.

हार्बेथ आणि स्पेंडॉर ही नावंही कानावर येतील. दोन्ही कंपन्या बीबीसीतल्या माणसांनी काढलेल्या. डडली हारवुड आणि एलिझाबेथ मिळून हार्बेथ. स्पेन्सर ह्यूज आणि डोरोथी मिळून स्पेंडॉर. आपल्याकडे बायकोचं नाव फार तर बंगल्याला देतात.

दुकानात जाशील तेव्हा त्यांची चकचकीत जॅझ बाजूला ठेवायला सांग. आपली सीडी ने, तोंडपाठ असलेली. किशोरीताईंचा भूप ने. गाणं सुरू व्हायच्या आधीचा तंबोरा ऐक. जवारी लागली असेल तर तारेतून सुटे स्वर एकामागून एक उलगडतात. वाईट स्पीकरवर नुसती माशी गुणगुणते. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला लाव. किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो, आणि विक्रेत्याला ते ठाऊक असतं. जमलं तर आठवडाभर घरी मागून घे.

भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेव, खाली लोखंडी स्टँड. ते पोकळ असतात, वाळूने भरावे लागतात. मी कोपऱ्यावरच्या बांधकामावरून घमेलंभर मागून आणली, चाळली, गच्चीवर वाळवली. तुमच्या पावसात ती कशी वाळवशील, ते तू बघ.

तुझा,
बाळ्या