नऊ मिलिमीटरची बार्शी लाइट

आमच्या घरी सध्या रेल्वेचे काम चालू आहे. जागा : जेवणाच्या टेबलाशेजारची प्लायवूडची फळी. मुख्य अभियंता : आमची कन्या, वय वर्षे बारा. निरीक्षक : माझे वडील, वय ब्याऐंशी. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा माझ्या वाट्याला खडी चाळण्याचे काम आले आहे.

मला वाटे, रूळ टाकायचे म्हणजे खिळे ठोकून मोकळे व्हायचे. पण नाही! फळीवर आधी बुचाची पट्टी चिकटवायची, तिच्या कडा उतरत्या तासायच्या. हा झाला भराव. त्याने गाडीचा खडखडाटही कमी होतो. त्यावर रूळ. मग चहाच्या गाळण्यातून चाळलेली काळी कच स्लीपरांच्या मधे ब्रशने सारायची आणि पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल थेंबाथेंबाने सोडायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर पाणी खडीत मुरत नाही, वरच गोळा होऊन बसते. (ते गाळणे आता चहाला चालत नाही. यावर सौभाग्यवती जे म्हणाल्या ते येथे छापण्याजोगे नाही.)

गाडी कोणती, हे वडिलांनी ठरवले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. चाकांच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये अशी त्याची आखणी, म्हणून हलक्या रुळांवर भागले. सत्त्याऐंशीपट लहान केले की हे अडीच फूट पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात!

आई गेल्यापासून वडील फारसे बोलत नाहीत. सकाळचे वर्तमानपत्र संध्याकाळी पुन्हा नवे म्हणून वाचतात. परंतु सांधा बसवला की ते चष्मा काढून रुळावरून बोट फिरवतात. “इथे चाक उडेल,” म्हणतात, आणि खरोखरच तिथे उडते! येडशी ते ढोकी या गाडीने त्यांनी मास्तरकीची कितीतरी वर्षे ये-जा केली.

आता वाद आहे तो स्थानकाच्या पाटीचा. मुख्य अभियंत्यांना ‘धाराशिव’ हवे. वडील म्हणतात, छोटी गाडी आपल्या गावात कधी आलीच नाही. आपणच येडशीला जायचो. गावाला स्टेशन मिळाले ते रूळ रुंद करताना मार्ग वळवला तेव्हा. २००८ मध्ये ते काम कुर्डुवाडीपर्यंत पुरे झाले.

“मग आपण आणू की, आजोबा!”

यावर काल ते सलग तासभर बोलत होते. पाटी अजून कोरी आहे, आणि ती रंगवण्याची मला मुळीच घाई नाही.