मनू, आता रोस्टर तुझ्या हातात

पिपरी मेघे, वर्धा

चि. मनू,


मेडिकल कॉलेजात लेक्चरर म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. पण लगेच 2021चा एप्रिल आठवला. तू तेव्हा कोविड वॉर्डात रेसिडेंट. एकदा पीपीई किट चढवलं की ड्यूटी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही, आणि वर आपल्याकडचं ऊन. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून मृत्यूची बातमी तुम्हीच फोनवर सांगायची. "मावशी, पलीकडून 'हॅलो' आलं की माझा आवाजच फुटत नाही," असं एका रात्री म्हणाली होतीस.

लोक तुम्हाला योद्धे म्हणत होते. झोप झाली का, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

तुमचं मन खचलं ते एकट्या विषाणूने नाही. एप्रिलची नीट-पीजी प्रवेश परीक्षा 11 सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि प्रवेशाची समुपदेशन फेरी सुरू व्हायला 2022चा जानेवारी उजाडला. जुनी बॅच परीक्षा देऊन गेली, नवी आलीच नाही. तीन बॅचचं काम दोन बॅचवर आलं. डिसेंबरात ठिकठिकाणचे निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले ते याचसाठी. अशा वेळी ध्यानधारणेचं शिबिर ठेवून काय होणार होतं? माणसं हवी होती.

केंद्राच्या 1992च्या नियमात रेसिडेंटसाठी आठवड्याला 48 तास लिहिलेत. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने 74 तासांची मर्यादा आणि आठवड्याची एक सुट्टी सुचवली. तेवढं तरी तुझ्या रोस्टरमध्ये दिसू दे. तू सेवाग्रामची विद्यार्थिनी. बापूंच्या आश्रमात प्रार्थनेसारखी झोपेचीही वेळ ठरलेली असे, हे तुला मी काय सांगू!

आणखी एक. ज्याच्या हाती थिसिसवरची सही, त्याच्यापुढे कोणती मुलगी मन मोकळं करणार? तू कितीही मायाळू असलीस तरी तुझ्या रेसिडेंटसाठी मॅडमच. म्हणून बोलायला विभागाबाहेरचं माणूस हवं, आणि ते बोलणं विभागात परत येता कामा नये. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कॉलेजबाहेरचा आहे, रात्रीही लागतो. पहिल्याच दिवशी तो त्यांना दे.

आणि पुढे कधी अशी साथ आली, तर मृत्यूची बातमी सांगताना ज्युनिअरला एकटं सोडू नकोस. फोन त्याने केला तरी शेजारी उभी राहा. नंतर त्याला चहाला पाठव, तोवर वॉर्ड तू सांभाळ.

दिवाळीत ड्यूटीमुळे कोणाला घरी जाता येणार नसेल तर कळव. फराळ जास्तीचा करते.

तुझी,
मावशी