शून्याचा हिशेब

दहावीच्या वर्गात विजेचा धडा चालू होता. मजाहमत म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध. तो असतो म्हणून तार तापते, वीज वाया जाते. इथवर पुस्तकातलं. मग हौसेनं पुढचंही सांगितलं. 1911 साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनस यांनी पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याची मजाहमत नाहीशी झाली. अशा पदार्थाला अतिवाहक म्हणतात. "यात नुकसान शून्य," असं म्हणून फळ्यावर मोठं शून्य काढलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, ठंडा रखने कू बिल नै आता क्या?"

वर्ग हसला. तिचे वडील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हमाली करतात. तासगावात थंडावा फुकट मिळत नाही, दरवाजा उघडा राहिला की मालक का ओरडतो, हे तिला घरातच कळलेलं. मी "बैठो" म्हणालो आणि पुढे गेलो.

रात्री ते शून्य डोळ्यांसमोरून हलेना. पुस्तकं काढून बसलो. माझं शून्य अर्धंच खरं निघालं. प्रवाह स्थिर असेल तर नुकसान नाही. पण चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असेल तर अतिवाहकही तापतो.

याचं उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रांच्या अभ्यासासाठी अतिवाहक त्वरक उभारला गेला. 2007 साली तो संशोधकांना खुला झाला. त्यात तांब्याच्या 28 पोकळ्या आहेत. कलईवाला पातेल्याला कलई करतो तसा त्यांना शिशाचा मुलामा दिलेला. द्रवरूप हेलियमच्या थंडीत शिसं अतिवाहक होतं. आतलं क्षेत्र मात्र सेकंदाला 15 कोटी वेळा उलटसुलट होतं. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं, न अडखळता चालतात. काही मात्र जोडीविना राहतात. प्रवाह स्थिर असताना ते स्वस्थ असतात. क्षेत्र बदलू लागलं की तेही ढकलले जातात, धडकतात, उष्णता होते. ती मोजक्या वॉटचीच. पण तेवढ्या थंडीतून 1 वॉट उष्णता बाहेर काढायला काही शे वॉट वीज मोजावी लागते. म्हणजे बिल येतंच.

दुसऱ्या दिवशी शून्य पुन्हा काढलं, त्याच्याशेजारी 'स्थिर प्रवाह असेल तर' असं लिहिलं. "कल मैं गलत था, इसका सवाल सही था," असं सर्वांसमोर सांगितलं. तिनं मान खाली घालून वही उघडली.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. पोरीला अकरावीला सायन्सला घाला, म्हणालो. "इंग्लिश में झेपेगा क्या उसे?" वडिलांनी विचारलं. खोटं कसं बोलू? माध्यम बदलताना आमच्या मुली मागे पडतात, दरवर्षी बघतो. म्हणालो, "पहिलं वर्ष जड जाईल. रोज तासभर मी शिकवीन."

ते 'बघू' म्हणाले. आतून तिनं चहा पाठवला. कपाखाली वहीचं पान होतं, त्यावर नवा प्रश्न.