उर्फ नावाचा घोळ आणि मावशींचं पासबुक

एका गोष्टीची दोन नावं आपल्याला नवीन नाहीत. शहर कोल्हापूर, तालुका करवीर. स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, कोड मात्र अजून केओपी. नाव कुठलंही घ्या, गाडी त्याच स्टेशनात येते. पण हेच 'उर्फ' कॉम्प्युटरात चुकलं तर काय होतं, ते मी एका पतसंस्थेच्या दारात उभं राहून बघितलंय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पैसा कुणाचाच बुडाला नाही. लायसन्सचा खर्च वाचवायला त्यांनी सगळा डेटा ओरॅकलमधून पोस्टग्रेसमध्ये हलवला. सोमवारी नवीन सिस्टीम सुरू. गुरुवारी भाजी विकणाऱ्या एक मावशी पासबुक घेऊन आल्या. "चार दिवस झालं पिग्मी भरतोय की वो, शिल्लक हाय तेवढीच!" दुपारपर्यंत 'संस्था बुडाली' ही आवई गल्लोगल्ली. दारात ही गर्दी. माझ्या डोक्यात हेडिंगपण तयार : 'ठेवींवर डल्ला?' प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं आम्हा पत्रकारांना वाटतं.

मॅनेजरनी आत बोलावलं. सॉफ्टवेअरवाला पोरगा घामाघूम झालेला. म्हणाला, "साहेब, खात्यांचं टेबल एकच होतं, पण त्याला दुसरं नावपण होतं. ओरॅकलमध्ये त्याला सिनॉनिम म्हणतात. त्यात डेटा नसतो, ते खऱ्या टेबलाकडं नुसतं बोट दाखवतं. पोस्टग्रेसमध्ये सिनॉनिम नाहीच. तिथं त्या नावाचा व्ह्यू करायला पाहिजे होता. आमच्याकडनं वेगळं टेबलच झालं."

म्हणजे काउंटरवरची जमा खऱ्या टेबलात जात होती आणि पासबुक छापणारा प्रोग्रॅम उर्फ नावानं वाचत होता. तिथं हलवलेल्या रात्रीचीच शिल्लक पडून होती. पैसा जागेवर, छपाई शिळी.

"मग टेस्टिंगमध्ये कळलं कसं नाही?" मी विचारलं. तो म्हणाला, क्वेरीत टेबलाला तात्पुरतं छोटं नाव देतात, तिथली चूक लगेच कळते. अपडेट करताना 'सेट'नंतरच्या कॉलमला ते छोटं नाव जोडलं तर ओरॅकलला चालतं, पोस्टग्रेस एरर देतं. अशा चुका पहिल्याच दिवशी सापडल्या. ह्या चुकीनं एरर दिलीच नाही. आणि टेस्टिंगच्या दिवशी दोन्हीकडचे आकडे सारखेच होते!

जादाचं टेबल काढून त्या नावाचा व्ह्यू केला. तासाभरात मावशींची शिल्लक बरोबर छापून आली. ते हेडिंग मी छापलं नाही. छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला किती रांग लागली असती, याचा विचार आजही येतो.

पण संस्थेचीही चूक होतीच. चार दिवस दारात साधी सूचना नव्हती.

आज सोसायटीपासून मोठ्या कार्यालयांपर्यंत सगळे सिस्टीम बदलताहेत. म्हणून वार्षिक सभेत 'मंजूर' म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा. हलवण्याआधी सगळ्या उर्फ नावांची यादी केली का, आणि कुठलं नाव कुठल्या टेबलाचं ते लिहिलं का? हलवल्यावर एक रुपया जमा करून तो पासबुकात, लेजरमध्ये, प्रत्येक रिपोर्टात दिसतो का, हे बघितलं का? आणि काही अडलं तर सभासदाला कोण सांगणार?

भाजी विकून रोज पन्नास रुपये भरणाऱ्या बाईला डेटाबेस कळायची गरज नाही. तिला शिल्लक बरोबर दिसली पाहिजे, एवढंच.