बर्फातला गडगा

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या ग्रीन माउंटन्समध्ये फेब्रुवारीत आखलेली पायवाट सोडून रानात शिरायचे तर स्नोशूंवाचून चालत नाही. गुडघ्याच्या वर साचलेल्या भुसभुशीत बर्फात नुसता बूट तळापर्यंत रुततो. स्नोशूवर तोच भार पसरतो आणि पाऊल फारसे खचत नाही. अबेनाकी आणि इतर मूळ रहिवासी अ‍ॅशचे लाकूड वाकवून चौकट करत व तीत कच्च्या चामड्याच्या वाद्या विणत. आता चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते, तळाला बर्फ पकडणारे दात असतात. टाच मात्र पूर्वीसारखीच मोकळी राहते.

रुळलेल्या वाटेवर बर्फ तुडवलेला असल्याने तिथे माग टिकत नाहीत. अशाच एका फेरीत वाट सोडून शंभरेक पावले गेल्यावर सशाचा माग लागला. तो नवख्याला उलटा वाटतो, कारण उडी संपताना सशाचे मागचे रुंद पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मोठे ठसे जिकडे, तिकडे ससा गेलेला असतो. थोड्या अंतरावर उंदराची बारीक, टाके घातल्यासारखी रांग दिसली. मधल्या रेघा शेपटीच्या. ही रांग उघड्यावर अचानक संपली होती आणि तिथे दोन्ही बाजूंना पिसे पंख्यासारखी उमटली होती, बोटाने मोजता येतील इतकी स्पष्ट. रात्री घुबडाने झडप घातली होती.

पुढे पायाशीच बर्फ फुटला आणि तपकिरी पक्षी फडफडत उडाला. तो रफ्ड ग्राउस. कडक थंडीत हा पक्षी मऊ बर्फात सूर मारून आतच रात्र काढतो, कारण बर्फाखाली हवेपेक्षा बरीच ऊब असते. हिवाळ्यात त्याच्या बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात. हे त्याचे स्वतःचे स्नोशूच. मागे उरलेल्या बिळात त्याच्या विष्ठेच्या गोळ्यांचा छोटा ढीग होता.

रानात धोका असतो तो स्प्रूसच्या झाडांशी. खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळी राहते आणि वरून काहीच कळत नाही. त्या दिवशीही एक पाय कमरेपर्यंत आत गेला. स्नोशू फांद्यांत अडकला. काठी आडवी टाकून, बर्फ हातांनी उकरून पाय सोडवायला पंधरा मिनिटे लागली. अशा रानात एकट्याने फिरू नये, हे तिथे पुरते कळते.

त्याच झाडीपलीकडे बर्फातून एक सरळ उंचवटा गेलेला दिसला. वरचा बर्फ झटकल्यावर शेवाळलेले दगड लागले: चुन्याशिवाय रचलेली भिंत, कोकणातल्या गडग्यासारखी. दाट जंगलात कुंपण कशासाठी, याचे उत्तर मेंढ्यांत आहे. विल्यम जार्विसने 1811 मध्ये इथे मेरिनो मेंढ्या आणल्या आणि 1840 पर्यंत राज्यात मेंढ्यांची संख्या सोळा लाखांवर गेली. कुरणांसाठी डोंगर उघडे झाले. गोठणाऱ्या जमिनीतून दरवर्षी वर येणारे दगड शेतकऱ्यांनी बांधावर रचले. पुढे पश्चिमेकडची लोकर स्वस्त पडू लागली, माणसे निघून गेली आणि झाडे परत आली. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. पानझडीमुळे नजर लांब पोचते, म्हणून हे गडगे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात सहज सापडतात. या गडग्याच्या टोकाला घराच्या तळघराचा चौकोनी खड्डा होता आणि त्याच्या कडेला एक जुने सफरचंदाचे झाड. हरणांनी त्याखालचा बर्फ खुरांनी उकरला होता.

परतीला आपलाच माग धरावा. हिमवर्षाव सुरू झाला तर मात्र तो तासाभरातही बुजू शकतो. त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. सकाळी दबलेल्या त्या पट्ट्यावर आता कायोटीचे ताजे ठसे होते. थेट वाटेपर्यंत तो स्नोशूच्याच मागावरून चालत आला होता.