चिखलदऱ्याची चोरटी वाट

सातवीच्या वर्गात बहमनी राज्याचे पाच तुकडे कसे झाले ते आम्ही शिकवत होतो. पाचातली इमादशाही तर आपल्याच एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची, हे सांगताना आमचा आवाज जरा चढला. तेवढ्यात एका पोराने विचारले, "सर, आप गाविलगड देखे क्या?" आवाज खाली बसला. अमरावतीपासून चिखलदरा ऐंशीएक किलोमीटर. बी.एड. झाले, नोकरीला दहा वर्षे झाली, पण गड पाहिला नव्हता.

आमच्या घरी फिरायला म्हणून कोणी जातच नसे. प्रवास म्हणजे लग्न, मयत, फार तर उरूस. अब्बा जिनिंगमध्ये हमाली करायचे. सुट्टी म्हणजे रोजी बुडाली. आता पगार असला तरी हौसेसाठी पेट्रोल जाळायचे म्हटले की मन चोर होते. म्हणून मे महिन्यात अम्मीला थाप मारली, परतवाड्याचा एक दोस्त आजारी आहे. अम्मी म्हणाली, "इत्ती धूप में? संभाल के जाव."

फजरची नमाज पढून जुन्या हिरो होंडावर आम्ही दोघे निघालो. बुरख्याचा घेर चाकात जाऊ नये म्हणून बीबीने तो नीट आवरून घेतला. वलगाव, आसेगाव, पूर्णेचा पूल. दोन्हीकडे नांगरून पडलेली काळी राने. परतवाड्यात टाकी भरली, चाकांची हवा पाहिली, पाणी घेतले. कोणी जाणार असेल तर ही कामे तिथेच उरकावीत.

धामणगाव गढीनंतर घाट लागतो. उन्हाळ्यात मेळघाट हिरवा नसतो, हे आधीच सांगतो. सागाला पान नव्हते. कोरकू बाया तेंदूपत्त्याची गाठोडी घेऊन चालल्या होत्या. पण मोथ्याजवळ वारा बदलला. खाली चव्वेचाळीस अंश आणि इथे, अकराशे मीटरच्या आसपास, वारा गार. गाडी थांबवली. बीबीने नकाब वर केला आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. ती अकोटची. नरनाळा किल्ला माहेरच्या शेजारी, तोही तिने दुरूनच पाहिलेला.

गाविलगड अहमदशाह बहमनीने पंधराव्या शतकात बांधला. पुढे तो इमादशाहीकडे आला. ती स्थापणारा फतहुल्ला इमादुलमुल्क मूळचा विजयनगरकडच्या कानडी ब्राह्मण घरातला, असे इतिहासात सांगतात. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज आले, तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा हा गड राजपूत किल्लेदार बेनीसिंग लढवत होता. इंग्रजांनी डोंगरातून रस्ता काढत तोफा उत्तरेकडे ओढून आणल्या आणि तट फोडला. त्यांचा सेनापती वेलस्ली, ज्याने 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. गडावर देवतलाव आहे आणि खानतलावही आहे. पडक्या मोठ्या मशिदीच्या सावलीत आम्ही जुहर पढलो. किल्ला कोणाचा, असे वर्गात पोरे विचारतात. आता त्यांना आम्ही ही सगळी नावे ओळीने सांगतो.

उतरताना घटांगकडून आलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला नाही. जंगलातला रस्ता, म्हणून चारच्या आत निघालो होतो.

मगरिबला घरी पोचलो. अम्मीने विचारले, "दोस्त कैसा है?" पिशवीतून चिखलदऱ्याच्या कॉफीची पुडी डोकावत होती. खोटे पुढे रेटवेना. सगळे सांगितले. अम्मी रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मेरे को कायको नई बोले? मैं ना बोलती क्या?"

तिला नको म्हणायची संधीच आम्ही दिली नव्हती. ती नको म्हणेल, हे आमचे आम्हीच ठरवले होते. तिला कधी कुठे जावेसे वाटते का, हेही कधी विचारले नव्हते.

गुडघ्यांमुळे अम्मीला मोटारसायकलवर बसवत नाही. पुढच्या रविवारी तिघे एस.टी.ने गेलो. अमरावतीच्या त्या उन्हात, निघण्याआधी, अम्मीने पेटीतली शाल काढून पिशवीत ठेवली होती.