टाळ्या कोणाच्या बाजूने? ‘इंडिपेन्डन्स डे’ पुन्हा पाहताना

या धाग्यात आपण एरवी तह, मोहिमा आणि जुनी कागदपत्रे यांविषयी बोलतो. आज एका चित्रपटाविषयी लिहितो आहे. विषयांतर वाटले तरी शेवटपर्यंत या. ही वाट आपल्याच इतिहासाकडे वळते.

रोलंड एमेरिक दिग्दर्शित ‘इंडिपेन्डन्स डे’ जुलै १९९६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे ७.५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ८१ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली आणि दृश्य-परिणामांसाठी ऑस्करही मिळवले. कथा तीन दिवसांची. २ जुलैला परग्रहवासीयांची अवाढव्य याने महानगरांवर येऊन थांबतात. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मानवजात जिंकते.

मी तो काही वर्षांनी केबलवर पाहिला. तेव्हा नववीत होतो. व्हाइट हाउसच्या चिंधड्या उडतात ते गाजलेले दृश्य लहान आकाराची प्रतिकृती बांधून आणि ती खरोखर उडवून चित्रित केले होते, हे मला पुढे कळले. त्या दुपारी मी श्वास रोखून बसलो होतो. शेवटी यान कोसळले तेव्हा उठून टाळ्या वाजवल्या.

बाबा मागे वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत. त्यांनी विचारले, “हे आलेले लोक नेमके करतात तरी काय?” मी चित्रपटातले उत्तर दिले : टोळधाडीसारखे एका ग्रहावर उतरतात, तिथले सारे ओरबाडून संपवतात आणि पुढच्या ग्रहाकडे निघतात. बाबा म्हणाले, “असे वागलेले कोणी इतिहासाच्या पुस्तकात भेटले आहे का, बघ.” आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

उत्तर सोपे वाटले : इंग्रज. पण त्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा या कथाप्रकाराची वंशावळच हाती लागली.

मे १८७१ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा निनावी छापून आली. फ्रान्सचा नुकताच पाडाव झाला होता. या कथेत जर्मन भाषा बोलणारे सैन्य इंग्लंडवर उतरते आणि इंग्लंड हरते. कथेने खळबळ उडाली आणि आक्रमणकथांची लाटच आली. तिचा लेखक जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात तो जखमी झाला होता. दुसऱ्याची राजधानी जिंकणाऱ्या फौजेतला हा माणूस, आपली भूमी गमावली तर काय होईल याचे चित्र रंगवीत होता.

या लाटेला एच. जी. वेल्सने परग्रहावर नेले. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७ मध्ये एप्रिल ते डिसेंबर ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. वेल्सचा हेतू लपलेला नाही. पहिल्याच प्रकरणात तो युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले याची आठवण देतो आणि सुचवतो की मंगळवासीयांना नावे ठेवण्याआधी आपण आरशात पाहावे. टास्मानियाचे ते लोक समूळ नष्ट झाले, ही त्या काळची समजूत चुकीची होती. त्यांचे वंशज आजही आहेत. परंतु आरसा खराच होता.

आता १८९७ हे साल आपल्या बाजूने पाहा. पुण्यात प्लेग होता. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेत होते. २२ जून रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला. त्याच महिन्यांत लंडनचा वाचक आपल्या शहरावर अनोळखी सत्ता चालून आल्याची काल्पनिक कथा हप्त्याहप्त्याने वाचत होता. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव नाही. पण एकाची करमणूक तो दुसऱ्याचा दिनक्रम होता, एवढे खरे.

वेल्सच्या कादंबरीत मंगळवासी अखेर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंनी मरतात. माणसाच्या पराक्रमाला तिथे श्रेय नाही. ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये जंतूंच्या जागी संगणकाचा व्हायरस येतो, वेल्सला केलेला तो नमस्कारच आहे. मात्र हा व्हायरस माणसाने लिहिलेला आहे आणि श्रेय अमेरिकेचे आहे. जगातली इतर सैन्ये मोर्स संकेतांतून येणाऱ्या अमेरिकन योजनेची वाट पाहतात. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन पाचच वर्षे झाली होती, जुना शत्रू उरला नव्हता, आणि चित्रपटातला राष्ट्राध्यक्ष आखाती युद्धात विमान चालवलेला आहे. वेल्सने बलाढ्यांना दुर्बलांच्या जागी उभे करून लाजवले होते. या चित्रपटाने जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राला पीडिताची जागा दिली, पण लाजेचा भाग गाळला. आरसा काढून घेतला आणि चौकट तेवढी ठेवली.

माझे विवेचन बरीच वर्षे इथेच थांबत असे. मग वसतिगृहात वर्धमान जिल्ह्यातला एक मित्र खोलीत राहायला आला. एका रात्री त्याने सहज सांगितले, की त्याची आजी त्याला झोपवताना ‘बर्गीं’ची अंगाई म्हणत असे. तिच्यात बर्गी आल्याची धास्ती आहे आणि सारा कशाने भरावा ही विवंचना आहे. “बर्गी म्हणजे तुम्ही,” तो हसून म्हणाला. मला हसता आले नाही.

बर्गी म्हणजे आपला ‘बारगीर’, सरकारी घोड्यावरचा स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने वर्षाला १२ लाखांची चौथाई मान्य केली. या मोहिमा मी अभिमानाने वाचल्या होत्या. गंगारामाने बंगालीत लिहिलेले ‘महाराष्ट्र पुराण’ मात्र वाचले नव्हते. त्यात जळणारी गावे आहेत, पळणारी माणसे आहेत, स्त्रियांवरचे अत्याचार आहेत. या मोहिमांना राजकारणाची कारणे होती. अलीवर्दीने भेटीला बोलावून भास्करराम कोल्हटकरांना दगाफटक्याने मारले, हेही खरे. टास्मानियाशी याची बरोबरी होत नाही. पण ज्या आईच्या दारात घोडा थांबला, तिच्यापुढे ही कारणे कोणी वाचून दाखवली नव्हती.

सुटीत घरी गेलो तेव्हा बाबांना हे सांगितले. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या त्यांनी तीस वर्षे वर्गात शिकवल्या होत्या. ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, आता ते प्रतिवाद करतील. त्यांनी एवढेच विचारले, “त्या अंगाईची चाल कशी आहे?”

मला ठाऊक नव्हते. मित्राला पत्र लिहून विचारले, तर पुढच्या भेटीत त्याने ती गाऊन दाखवली. चाल अगदी संथ आहे, मूल झोपावे अशीच.

परवा ‘इंडिपेन्डन्स डे’ पुन्हा पाहिला. अजूनही रंगतो. यान कोसळते तिथे हात आपोआप टाळीसाठी उचलले गेले, आणि बाबांचा प्रश्न आठवला. तुम्हीही मोहिमांचे नकाशे काढता, बाण रेखाटता. बाण जिथे टेकतो, त्या गावाचे नाव एकदा शोधून पाहा, आणि तिथल्या भाषेत आपल्याला काय म्हणतात तेही.